खिडकी नको, स्टूल ठेव

स्वयंपाकघरं बसवून देणाऱ्या त्या दुकानात सगळे तिला मापवाली म्हणत. लोकांच्या घरी जायचं, टेप लावायची, ओटा कुठं आणि फळ्या कुठं ते कागदावर काढून द्यायचं, हे तिचं काम. स्वभाव मात्र जिवाला घोर लावून घेणारा. एकदा घेतलेलं माप पुन्हा घेतल्याशिवाय तिचा पाय निघत नसे. दुकानातला सुतार चिडवायचा, "लग्नाआधी नवऱ्याचंही माप घेतलं असेल तुम्ही."

"तेवढंच राहिलं, आणि तिथंच चुकलं," ती म्हणायची.

एके दुपारी गावाकडून दादाचा फोन आला. तो शेतावरून घरी आला तेव्हा घरभर गॅसचा वास कोंडलेला होता. वहिनी ओसरीवर शांतपणे शेंगा सोलत बसली होती. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि आपण दूध तापत ठेवलंय हे तिच्या गावीही नव्हतं. याआधी दोनदा भांडी जळली होती, ते दादानं कुणाला सांगितलं नव्हतं.

"तू शहरात रोज लोकांची स्वयंपाकघरं करतेस," दादा म्हणाला. "हे सगळं उपटून टाक आणि नवं कर. मला आता घराबाहेर पाऊल टाकायची भीती वाटते."

आई गेली तेव्हा मापवाली सहा वर्षांची होती. तिची वेणी घालण्यापासून तिला ओट्याशी उभं करून चहा शिकवण्यापर्यंत सगळं वहिनीनंच केलं होतं. त्यामुळे ती दुसऱ्याच दिवशी गावाला गेली.

घर दगडी, भिंती हातभर जाड, वर कौलं. स्वयंपाकघर ओसरीच्या मागच्या अंगाला, मधे एकच भिंत. भिंती ओळंब्यात नव्हत्या, एकही कोपरा काटकोनात नव्हता आणि जमीन मोरीकडे उतरती होती. दुकानातली तयार कपाटं इथं बसणार नाहीत हे तिला टेप लावण्याआधीच कळलं. तरी ती मापं घेत राहिली. वहिनी दारात उभी राहून बघत होती.

"कुणाचं घर मापतेस गं?" वहिनीनं विचारलं.

मापवालीच्या हातातली टेप सर्रकन आत गेली. वहिनी हसली. "घाबरलीस? चेष्टा केली." पण ती खरंच चेष्टा होती की वहिनीनं वेळ मारून नेली, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पहिला आराखडा तिनं दुकानाच्या रिवाजाप्रमाणेच काढला. बंद कपाटं, सरकते कप्पे, सगळं झाकलेलं आणि गुळगुळीत. दादा खूश झाला. पण सकाळी वहिनी स्वयंपाक करत असताना ती तिच्याकडे बघत बसली. वहिनी बोलता बोलता, मान न वळवता मिठाच्या बरणीवर हात टाकत होती. पळी, झाकण, चिमटा, सगळं हाताला आपसूक सापडत होतं. मग तेलाची बरणी आली. ती दादानं फळी पुसताना एक हात पलीकडे ठेवली होती. वहिनीचा हात मोकळ्या जागेवर पडला आणि तसाच अधांतरी राहिला. आपण काय घ्यायला निघालो होतो तेही तिला आठवेना. कढई तापून धुरकटायला लागली तेव्हा मापवालीनं उठून शेगडी बंद केली.

तिनं आराखडा फाडला. दादाशी वाजलं.

"म्हणजे सगळं होतं तिथंच ठेवणार? मग बदललंस काय?"

"नवं केलं तर तिला तिच्याच घरात पाहुण्यासारखं वाटेल, दादा. सगळं कपाटात गेलं तर तिला काहीच सापडायचं नाही."

"आणि जुनं ठेवलं अन् घर पेटलं तर?"

ती दोन्ही बाजूंनी विचार करकरून थकली. शेवटी दुकानातल्या सुतारालाच बोलावून तिनं काम काढलं. फळ्या जुन्याच जागी, जुन्याच उंचीवर, भिंतीच्या वाकडेपणाप्रमाणे तासून बसवल्या, पण दारं नाहीत, सगळं डोळ्यांसमोर. सिलिंडर बाहेरच्या पडवीत. शेगडी नवी, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी. जमीन सपाट केली. आणि ओसरीच्या बाजूची भिंत फोडून तिथं एक खिडकी काढायची ठरली, म्हणजे दादाला बसल्या जागेवरून आत दिसेल.

गवंड्यानं पहिला आरपार दगड काढला तेव्हा वहिनी आली. भोकातून पलीकडे दादाची खुर्ची दिसत होती. वहिनीनं ती नीट बघितली.

"ही खिडकी माझ्यासाठी की माझ्यावर?"

खोटं बोलायचं मापवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. उजेडासाठी, हवेसाठी, काहीही म्हणता आलं असतं.

"तुझ्यावर," ती म्हणाली.

गवंडी छिन्नी हातात धरून नजर चुकवत उभा राहिला.

"मला कळतं गं, माझं काहीतरी निसटतंय," वहिनी म्हणाली. "पण पिंजऱ्यातल्यासारखं कुणी बघत बसायला नको. ते भोक बुजव. त्यांना बघायचं तर आत येऊन बसू देत. इथं एक स्टूल ठेव. आणि नुसतं बसायचं नाही म्हणावं. कांदे चिरायचे."

दगड परत बसला. सुतारानं उरलेल्या लाकडाचं स्टूल केलं. आयुष्यात कधी स्वयंपाकघरात न रेंगाळलेला दादा त्यावर अवघडून बसला आणि त्यानं कांद्याचे असे काही तुकडे केले की वहिनी म्हणाली, "गुरांना घालायचेत का?"

त्या दिवशी वहिनीनं नव्या शेगडीवर पहिला स्वयंपाक केला. मापवाली दाराशी जीव मुठीत धरून उभी होती. वहिनीचा हात मिठावर गेला, तेलावर गेला. एकदा मात्र थांबला. दादानं पळी पुढं केली.

मापवाली शहरात परतली, पण तिचा घोर संपला नाही. फोनवर दादाचं नाव दिसलं की ती आधी हातातलं काम खाली ठेवते. परवा दुकानाच्या मालकासमोरच फोन वाजला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं."

"मग?"

"मग काय, दोघांनी खाल्ली. आता पाणी पितोय. तू कशाला दचकतेस?"

"मी कुठं दचकले," ती म्हणाली, आणि शेगडी बंद आहे ना, एवढं बघून यायला तिनं त्याला उठवलंच.