काळ्या पेटीतला कॉम्प्युटर

घरात एखाद्याला कॉम्प्युटरवर बिलं करता येतात एवढं कळलं, की सगळ्या खानदानाचे मोबाईल, टीव्ही आणि मिक्सर त्याच्याच गळ्यात पडतात. मी सांगलीत एका हळदीच्या पेढीवर बिलं करते. पोती किती, वजन किती, दर काय, संपलं माझं ज्ञान. पण कोरेगावला माहेरी माझी ख्याती अशी, की सोपवलं तर मी उपग्रहसुद्धा दुरुस्त करून देईन.

त्या रविवारी सकाळी आण्णांचा फोन आला. आण्णा म्हणजे माझे वडील, मिलिटरीत ट्रक चालवून रिटायर झालेले. "स्टेरिंग बंद पडलंय. पयल्या गाडीनं ये," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. माझा रविवार, माझं साचलेलं धुणं, याची चौकशी नाही. नवऱ्यापुढं पोह्यांची ताटली आदळली आणि सांगली स्टेशनवर जाऊन पॅसेंजर पकडली.

स्टेरिंग म्हणजे गेमचा कंट्रोलर. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आण्णांना क्लच दाबवत नाही. ट्रॅक्टर चुलत्यांच्या हातात गेला आणि आण्णा ओट्यावर बसून रस्त्यावरच्या एकूण एक ड्रायव्हरला नावं ठेवायला लागले. आई अगदी कावली होती. माझा धाकटा भाऊही फौजेतच. तो सुट्टीवर आला, त्यानं हे बघितलं आणि एक जुना कॉम्प्युटर, ट्रक चालवायचा गेम आणि बिनवायरचा कंट्रोलर आणून जोडून दिला. दोन्ही हातांत धरायचा, अंगठ्यानं वळवायचं, बोटानं रेस द्यायची. क्लचची भानगडच नाही. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आण्णा कोरेगावातून आणि भाऊ त्याच्या छावणीतून इंटरनेटवर एकाच रस्त्यावर ट्रक चालवतात. आण्णा पुढं, भाऊ मागं, आणि फोन स्पीकरवर.

एरवी या दोघांचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलास?" "हां." "बरं." की ठेवलाच. ट्रक चालवताना मात्र तासभर बोलत असतात. अंतर ठेव, वळणाला ब्रेक मारू नगस, त्यातनंच मेसमधल्या डाळीचा विषय, गावातल्या लग्नांचा विषय. आई म्हणते, उशिरा का होईना, बापलेकांना वाचा फुटली.

आणि हा रविवार शेवटचा होता. भावाची तुकडी दुसऱ्या दिवशी वर बर्फातल्या पोस्टवर निघणार होती. तिथं नेट नाही, फोनसुद्धा लागला तर लागला. उन्हाळ्यापर्यंत असंच. चार वाजता त्याला थोडा वेळ मोकळा मिळणार होता. तेवढ्यात हे स्टेरिंग चालू झालं तर झालं, नाहीतर पुन्हा "जेवलास?" आणि "हां." आण्णा हे बोलून दाखवत नव्हते, पण मी दारात पाऊल टाकलं तेव्हा ते कंट्रोलर हातात धरून बसले होते आणि त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

कॉम्प्युटर कुठंय म्हणून बघितलं तर टेबलावर नुसता स्क्रीन. खाली आण्णांची पत्र्याची काळी पेटी. फौजीच्या घरात असते तीच, कोपऱ्यांना पट्ट्या, पुढं कडी.

"मशीन आत हाय," आण्णा म्हणाले. "उसाचं पाचट जाळाय लागल्यात सगळी. काजळी उडून येतीया घरात. म्हनून परवाच बंदोबस्त केला." त्यांनी वेल्डरकडून पेटीच्या मागं स्क्रीनच्या, नेटच्या वायरींना भोक पाडून आणि हवेला जाळी करून घेतली होती. काम अगदी झकास. मी मनापासून कौतुक केलं. आमच्याकडं जे जे मोलाचं ते ते काळ्या पेटीत, ही जन्मापासूनची रीत. डिस्चार्जची कागदं पेटीत, आईचं लग्नातलं लुगडं पेटीत, बोर्डाच्या परीक्षेच्या आधी माझं हॉल तिकीटसुद्धा पेटीत. तर कॉम्प्युटर पेटीत यात मला काही वावगं दिसलंच नाही.

मग झटापट सुरू झाली. कंट्रोलरवरचा दिवा नुसता लुकलुकत होता. सेल बदलले. आण्णा म्हणाले, "ते मी कालच बदलल्यात, मी काय अडानी हाय व्हय?" कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पेटी उघडून आत डोकं घातलं, मागं खोचलेला नखाएवढा रिसिव्हर काढून परत बसवला. दिवा स्थिर. ट्रक हलला. मी खुशीत आण्णांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांनी आधी पेटीचं झाकण लावलं, खुर्चीत ऐसपैस बसले, रेस दिली आणि ट्रक सरळ जाऊन कठड्यावर आपटला. दिवा परत लुकलुक.

मी पुन्हा पेटी उघडली. लगेच चालू. आण्णांनी झाकण लावलं, बसले, बंद. "तुज्या हातात चालतंय आन माज्या हातात बंद. माज्या हाताचं काय वाकडं हाय?" ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "मेकॅनिक समोर आला की इंजनचा आवाज बंद हुतोय, त्यातलीच गत." हे ऐकून माझंही डोकं सटकलं. मी म्हटलं, "आण्णा, जरा गप बसा, मला इचार करू द्या." कॉम्प्युटरच्या यादीतून कंट्रोलर काढून टाकला, नव्यानं जोडला. तेच. वायरनं जोडू म्हणून मोबाईलच्या चार्जरची वायर लावली, तर कंट्रोलर चार्ज व्हायला लागला आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही. ती वायर नुसती करंट नेणारी निघाली. मोबाईलची बॅटरी लावून पेटीतली एकेक वायर हलवून बघितली. वैतागून बाहेर आले, चूळ भरली, आईनं दिलेला चहा घेतला. आण्णांनी सवयीनं झाकण लावून टाकलं.

तेवढ्यात आईच्या फोनवर भावाचा फोन. "आई, ताई तिकडंच आहे ना? तिचा फोन लागेना. कव्हरेजच्या बाहेर दाखवतोय."

मी म्हटलं, माझ्या फोनला काय धाड भरली? आणि फोन शोधायला लागले. पर्समध्ये नाही, टेबलावर नाही. पेटी उघडली तर आत कॉम्प्युटरशेजारी बॅटरी चालू ठेवून पडलेला, आणि झाकण उघडताच त्यावर रेंजच्या काड्या एकेक करून उगवायला लागल्या. मी तिथंच बसकण मारली. अख्खा मोबाईल टॉवर ज्या पत्र्यातून आत शिरत नाही, तिथं तो नखाएवढा रिसिव्हर बिचारा काय ऐकणार? माझा हात लागला की चालायचं, कारण मी झाकण उघडं ठेवत होते. एवढी सोपी गोष्ट, आणि मी आल्यापासून बिचाऱ्या कंट्रोलरला शिव्या घालत होते.

"आण्णा, झाकण उघडं ठेवाय लागतंय," मी म्हटलं.

"न्हाई ठेवायचं. काजळी जाती आत."

"आवं, पत्र्यातनं लहरी जात न्हाईत."

"इतके दिस ह्या पेटीनं समदं संबाळलं, आन आता पेटी वाईट झाली?"

घड्याळात चार वाजत आले होते. मी तोंड उघडणार तोवर आईनं आतून एक जुनं सुती लुगडं आणलं, झाकण धाडकन मागं टाकलं आणि उघड्या पेटीवर लुगडं पसरलं. "ह्यातनं जात्यात का लहरी?" तिनं मला विचारलं. जात होत्या. दिवा स्थिर झाला. आण्णांनी कंट्रोलर हातात घेतला. आई पेटीशेजारीच लुगड्याचा काठ धरून बसली, वाऱ्यानं सरकू नये म्हणून.

भावाचा ट्रक स्क्रीनवर आला. आण्णांनी घसा साफ केला. सुरुवातीला नेहमीचंच चाललं. अंतर ठेव. डिपर दे. डोंगराचा रस्ता लागला तसं बोलणं कमी झालं. मला वाटलं, आता हे असंच संपणार. तेवढ्यात आण्णा म्हणाले, "आज तू फुडं हो. मी मागनं येतो."

भावाचा ट्रक पुढं झाला. मग पुढच्या ट्रककडं बघत आण्णांनी विचारलं, "भ्या वाटतंय का रं?"

पुढचा ट्रक एकदम हळू झाला. मला वाटलं नेट गेलं.

"वाटतंय आण्णा," भाऊ म्हणाला. "लय."

"मलाबी वाटायचं," आण्णा म्हणाले. "दर डावाला. वर गाडी चढवताना तर लयच. कुनाला सांगितलं न्हाई. तू सांगितलंस ते बरं केलंस."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाला आम्ही उभा जन्म न घाबरणारा म्हणून ओळखत होतो, तो हे बोलत होता, आणि तेही रस्त्यावरची नजर न काढता. भाऊ नंतर जरा हसला, म्हणाला, बरं वाटलं आण्णा. मग तिकडं कुणीतरी त्याला हाक मारली. "निघतो," म्हणाला, आणि पुढचा ट्रक दिसेनासा झाला. आण्णांनी आपला ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला.

आईनं लुगड्याचा काठ सोडला नव्हता. ती आण्णांकडं बघत होती.

"तुमी तर दर पत्रात लिवायचा, मी मजेत हाय, काळजी नसावी," ती म्हणाली. "मला का न्हाई कवा सांगितलं?"

"तू भ्याली असतीस," आण्णा म्हणाले.

"मी तशीबी भेतच हुते की," आई म्हणाली. "पर एकलीच."