समितीवाल्याची आई

हाँगकाँगमधल्या ताइ पोच्या बाजारात पूनवहिनीने जन्मभर टोफू विकला. तोंडाने फटकळ. कुणी जास्त घासाघीस केली की म्हणायची, "दगड घे बाई, तो टिकतो." नवरा अकाली गेला. त्या टोफूवरच तिने वाइहुंगला शिकवलं. पोरगा पुढे खेळण्यांचा कारखानदार झाला, बड्या लोकांत ऊठबस करू लागला, तरी वहिनीचा गाडा पहाटे लागायचाच.

मी हाडं उचलणारा. आमच्याकडे पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी वर काढतात, पुसतात, रांजणात बसवतात आणि रांजण डोंगरावर ठेवतात. वहिनीच्या नवऱ्याचा, पूनदादाचा रांजण मीच बसवला होता.

मग इंग्रज हाँगकाँग चीनला परत देणार असं ठरलं, आणि अर्ध्या हाँगकाँगला पळायचे वेध लागले. वाइहुंगनेही व्हँकुव्हरला घर घेतलं. वहिनीने एकच अट घातली, "तुझा बाप बरोबर येणार असेल तर मी येते." मी रांजण खाली आणला, हाडं पुन्हा पुसली, बोटीवर चढवायला खोका करून घेतला.

तेवढ्यात हाँगकाँग ताब्यात घ्यायच्या तयारीसाठी बीजिंगने समिती नेमली, आणि त्यात वाइहुंगचं नाव! गावाने फटाके वाजवले, अख्खं डुक्कर भाजलं. फटाक्यांचा कचरा झाडायच्या आत तो माझ्या दारात.

"शुईकाका, बाबांना परत डोंगरावर ठेवा. गुपचूप."

"आणि वहिनी?"

"आई जाईल. बायको-पोरं जाणारच आहेत, पोरांना आजी हवी. पण समितीतला माणूस बापाची हाडं परदेशी पाठवतोय असं पेपरात आलं, तर माझं काय राहील?"

"म्हणजे देशभक्ती मेलेल्या बापाने करायची होय रे?"



रांजण वर न्यायच्या दिवशी तो समितीच्या पहिल्या बैठकीला बीजिंगला होता. हाडांना ऊन लागू नये म्हणून छत्री मुलाने धरायची असते. वहिनीच छत्री घेऊन आली. रीत सांगायची माझी छाती झाली नाही. हाडं रांजणात बसेपर्यंत ती नवऱ्याशी बोलत होती.

"अहो, घर बदलायचं रहित झालं. पोराला मान मिळालाय, तुम्ही इथेच राहा. मी नातवंडांबरोबर जाते. रागावू नका."

आमच्या धंद्यात रडू नये म्हणतात. मी रडलो.

"नाही म्हण ना त्याला," मी म्हटलं.

"धाकटी अजून माझ्या कुशीत झोपते रे. हे समजून घेतील. तिला काय सांगू?"

डोंगर उतरताना ती मध्येच थांबली.

"शुई, तिकडे माझी हाडं कोण उचलणार?"

"मी येईन."

"तू? कधी विमान तरी बघितलंयस का जवळून?" ती हसली, आणि मग बराच वेळ माझा दंड धरून उभी राहिली.

दोन हिवाळे काढून ती तिकडेच वारली. मी वाइहुंगला फोन केला, म्हटलं, खर्च माझा मी करतो, वेळ झाली की मला तिकडे ने.

"आईला दहन केलं, काका," तो म्हणाला. "तिकडे तेच सोयीचं पडतं. तुम्हाला आता त्रास नाही."