दोराचे वळ

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत समुद्राचा विषय निघाला, की आमच्या ह्यांचा, म्हणजे रमाकांत तांडेलांचा, शब्द शेवटचा. गणपतीचं जेवण आटोपलं की हे सुरू व्हायचे. देवबागचा किनारा, वडिलांची होडी, आणि सोळाव्या वर्षी स्वतः दोन तास झुंजून ओढलेला तो मासा. दर वर्षी मासा वीतभर वाढायचा. मंडळी तोंडात बोट घालून ऐकायची.

खरं सांगू? ह्यांनी आयुष्यात एक मासा पकडलेला नाही. होडीत पाय ठेवला की ओकारी. सासऱ्यांनी दोनदा नेऊन पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणाले, "ह्यां तुझा काम न्हय. तू शाळा शीक." हे शिकले, ड्राफ्ट्समन झाले आणि इथे लखनौत रेल्वेच्या संशोधन संस्थेत डब्यांचे आराखडे काढत रिटायर झाले. सासरे मागे एकटेच होडी घेऊन जात राहिले, पार म्हातारे होईपर्यंत. ते गेल्याची तार आली, हे तीन गाड्या बदलून पोचले, तोवर सगळं उरकलं होतं. थापा सुरू झाल्या त्या त्यानंतर. कशासाठी ते मला कळत होतं, म्हणून मी कधी बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या वीणाची अबोली आमच्याकडे आली. ही पोरगी सिनेमावाल्यांचा मेकअप करते. लखनौत टीव्हीसाठी एक सिनेमा चालला होता, म्हाताऱ्या कोळ्यावरच्या एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरचा. समुद्र म्हणे मागाहून कॉम्प्युटरवर घालणार, होडी मात्र खरी, एका गोदामात उभी केलेली. कोळी झालेल्या नटाला दोर धरता येईना, म्हणून तिनं परस्पर ह्यांचं नाव सांगून टाकलं होतं. लहानपणापासून ऐकत आलेली ना ती!

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी गुडघे दुखायला लागले, मग बीपी वाढलं. मी म्हटलं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, सांगून टाका सरळ. तर दोन दिवस माझ्याशी अबोला. कॉलनीत तोंड कसं दाखवायचं, हीच चिंता. तिसऱ्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, आणि मी सोबत गेले.

ते नट सत्तरीचे, इथलेच, फार अदबीचे. "आइए तांडेल साहब," म्हणत त्यांनी दोर ह्यांच्या हातात दिला. सगळे भोवती गोळा झाले. हे दोर धरून नुसते उभे. आता एखादी नवी थाप येणार, म्हणून मी मान खाली घातली.

"मैंने कभी मछली नहीं पकड़ी," हे म्हणाले. "मेरे पिताजी पकड़ते थे."

कोणी हसलं नाही. मला मात्र इतकं भरून आलं, की पदर तोंडाला लावावा लागला.

दोर खाली ठेवताना ह्यांचं लक्ष नटांच्या हाताकडे गेलं. अबोलीनं तळव्याच्या मधोमध लालभडक जखमा रंगवल्या होत्या. दोर तिथे कापत नाही, हे म्हणाले, आणि तिच्याकडे ब्रश मागितला. चष्मा चढवला, नटांशेजारी बसून त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. बोटांच्या पेरांवर आडवे वळ. अंगठ्याच्या बेचक्यात खोल चीर. मिठाच्या पाण्यानं पांढरी पडलेली तिची कड. कुठे अडले नाहीत, कुठे खोडलं नाही. अबोलीनं विचारलं, एवढं बारीक कसं लक्षात राहिलं.

"रोज संध्याकाळी मीच तेल लावायचो त्यांच्या हातांना," हे म्हणाले. "मला दुसरं काय जमत होतं?"

अर्ध्या तासानं हात पुरा झाला. नट उठायला लागले, पण ह्यांनी त्यांचं मनगट सोडलं नाही. रंग अजून ओला होता. हे खाली वाकले, त्या चिरेवर हळूच फुंकर घातली, आणि लखनौत एवढ्या वर्षांत ज्या मालवणीत कोणाशी बोलले नव्हते, तिच्यात विचारलं, "खूप दुखता?"

त्या गृहस्थांना शब्द काही कळला नसेल. पण त्यांनी हात काढून घेतला नाही.