घळीतली दुपार

ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. खरं तर ही माझ्या नोकरीतली केस नव्हे. महाराष्ट्र पोलिसांत आयुष्य घालवून मी निवृत्त झालो आणि सिंगापूरला मुलाकडे येऊन राहिलो, त्यानंतरची. ना ठाणं, ना स्टेशन डायरी, ना हाताखाली एखादा हवालदार. पण माणसं तीच आणि त्यांची लपवालपवीही तीच. नावं मी सांगणार नाही.

इथल्या आंग मो किओ भागात आमच्या खालच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं राहतं. नवरा आयटीत, बायको बँकेत, पदरात एक लहान मुलगी. मुलीला सांभाळायला दार्जिलिंगकडची एक तरुण बाई घरातच राहायची. नवरा-बायको अमेरिकेतल्या वाळवंटात गाडीनं भटकायला गेली होती. लाल खडकांच्या दऱ्या, तिथली राष्ट्रीय उद्यानं, डोंगरातल्या पायवाटा असा बेत होता. तेवढ्यापुरत्या सासूबाई पुण्याहून नातीजवळ आल्या होत्या.

दोघं परतल्यावर आठवडाभरानं एका सकाळी सासूबाई आमच्या दारात. खबर द्यायला आलेला माणूस कसा वागतो यावरून निम्मी खबर कळते. ज्यानं स्वतः पाहिलंय तो उभ्या उभ्या सांगून मोकळा होतो. ज्यानं नुसता तर्क केलाय तो आधी बसतो, पाणी मागतो. बाई बसल्या, पाणी मागितलं. सुनेचं मंगळसूत्र गेलं होतं. प्रवासात नको म्हणून सून ते कपाटात ठेवून गेली, आता कपाटात नाही. मागे घरात होतं कोण? त्या स्वतः, नात आणि ती बाई. दुपारी त्यांचा डोळा लागतो. म्हणजे आणखी काय सांगायला हवं? संध्याकाळी त्या पोलिसांत तक्रार देणार होत्या. त्याआधी मी त्या मुलीला जरा आमच्या पद्धतीनं दरडावून पाहावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी स्पष्ट सांगितलं की माझा इथे अधिकार शून्य आहे. पण खाली गेलो. नसतो गेलो तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती. तक्रार झाली असती तर त्या मुलीची चौकशी, हातची नोकरी गेलेली, पुढे कोणी घरात घेईल याची खात्री नाही. तिच्या जिवावर गावाकडे धाकटी भावंडं शिकत होती.

ती स्वयंपाकघरात भांडी पुसत उभी होती. हिंदीत विचारलं, मंगळसूत्र शेवटचं कुठे पाहिलंस? म्हणाली, दीदीच्या गळ्यात, निघाल्या त्या दिवशी. सासूबाई फणकारल्या की चोर असंच बोलणार. सून तिथेच होती. ती छोटीच्या केसांतून फणी फिरवत राहिली.

साक्षीदार वेगवेगळे बसवावेत, ही आमची जुनी रीत. नवऱ्याला मी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, इथल्या भाषेत व्हॉइड डेकवर, घेऊन गेलो आणि सहलीचं विचारलं. माणूस चोरीबद्दल सावध असतो, सहलीबद्दल नसतो. तो खुलला. दऱ्यांची खोली, चढणीची उंची, गाडीचं मायलेज, सगळं तोंडपाठ. एका घळीबद्दल तर थांबेचना. फोनवर फोटो दाखवले. सगळे खडकांचे. कुठे कुठे पायथ्याशी एक ठिपका, ती बायको. माणूस उभा केला की खडकाची उंची कळते, असं त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी विचारलं, प्रवासात तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं का? तो गोंधळला. म्हणाला, असेल की, नेहमी असतंच ना. नवरा हा या बाबतीत जगातला सगळ्यात निकामी साक्षीदार. पण फोन खिशात ठेवताना त्याचं मनगट दिसलं. सगळा हात रापलेला आणि घड्याळाच्या जागी पांढरा पट्टा.

मग सुनेला बोलावलं. तिनं सांगायला सुरुवात केली आणि मी चौकशीला बसलोय हेच विसरलो. सकाळी ते खडक जांभळे दिसतात म्हणाली, दुपारी पांढुरके आणि उन्हं कलली की आतून पेटल्यासारखे. मैलोन् मैल कोणी नाही. गाडी थांबवली की आपल्याच श्वासाचा आवाज येतो. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढ्या अरुंद घळी, वरून झिरपणारा उजेड आणि पायाखाली रांगोळीसारखी मऊ वाळू. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. आंग मो किओच्या त्या चिकट दुपारी मलाही कोरडा वारा लागल्यासारखं झालं. किती वेळ तसा गेला, सांगता येत नाही.

पण कान जागे होते. नवरा ज्या घळीबद्दल सगळ्यात जास्त बोलला होता, ती हिनं गाळली. खोटं बोलणारा फार थोडं खोटं बोलतो, बाकीचं तो गाळतो. तेवढ्यात उकाड्यानं हैराण होऊन तिनं केस वर धरले आणि मानेवर एक फिकट रेघ दिसली, दोन्ही बाजूंनी खाली उतरत गेलेली. मंगळसूत्र घरी राहिलं असतं तर वाळवंटातल्या उन्हानं ती रेघ केव्हाच पुसली असती.

"पोरी," मी म्हटलं, "घळीत काय झालं?"

तिनं केस सोडले. मग हलक्या आवाजात सांगितलं. नवरा उजेड नेमका हवा तसा यायची वाट बघत होता आणि ही भिंतीला टेकून उभी होती. तिथली शांतता पाहून तिला धीर आला. मनात कधीचं साचलेलं ती बोलून गेली.

"मी म्हटलं, मला तुझ्यासोबत फार एकटं वाटतं. तो म्हणाला, जरा डावीकडे सरक."

तिनं गळ्यातलं काढलं, वाळूत ठेवलं आणि पुढे चालू लागली. राग नव्हता म्हणाली, स्वप्नात चालल्यासारखं हलकं वाटत होतं. संध्याकाळी गाडीपाशी त्यानं संत्रं सोललं आणि न मागता अर्धं तिच्या हातात ठेवलं, तेव्हा तिला रडू फुटलं. पण ते आणायला परत फिरायचं तर कारण सांगावं लागणार होतं. घरी येताच सासूबाईंनी गळा मोकळा का विचारलं आणि तोंडातून ‘कपाटात आहे’ असं निघून गेलं.

"काका, प्रवासात हरवलं एवढंच सांगू का?"

त्या मुलीवरचा आळ जायला तेवढंही पुरे आहे, बाकी तुझं तू ठरव, असं मी म्हटलं. मला वाटलं होतं ती तेवढंच सांगेल. पण घरात जाऊन तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, घळीतल्या त्या दोन वाक्यांसकट, आणि त्या मुलीला कळावं म्हणून हिंदीतही. नवरा पांढरा पडला. आपण तसं म्हणालो हे त्याला आठवतच नव्हतं. सासूबाई पदरानं डोळे पुसत बसल्या. मग उठल्या आणि त्या मुलीपुढे हात जोडले.

तिनं त्यांचे हात धरून खाली केले. आजींना माहीत नव्हतं, त्यांच्यावर राग नाही म्हणाली. मग सुनेकडे वळली.

"दीदी, तुम्हाला तर माहीत होतं."

महिनाअखेर त्या मुलीनं ते घर सोडलं. खूप विनवण्या झाल्या, पण ऐकलं नाही. आता ती सिंगापूरच्या उत्तर टोकाला, वुडलँड्सला, दुसऱ्या घरी असते.

नोकरीत आरोपी निर्दोष सुटला की आम्ही फाईल बंद करायचो. सुटला म्हणजे भरपाई झाली, असा आमचा समज. तसं नसतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. आळ घेणाऱ्याला माणूस माफ करतो. खरं माहीत असून फणी फिरवत बसलेल्याला माफ करणं जड जातं. आणि मला सुनेचाही राग येत नाही. त्या घळीत मीही तिच्याबरोबर जाऊन आलो आहे.

नवरा-बायको एकत्र आहेत. संध्याकाळी ब्लॉकखाली चालताना दिसतात, बहुतेक वेळा तीच बोलत असते. रविवारी सून मुलीला घेऊन एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, वुडलँड्सला जाते, कारण त्या बाईची तेव्हा सुट्टी असते. ती बाई खाली येते, छोटीला कडेवर घेते, मुके घेते, बागेत फिरवते. सून बाकावर बसून राहते. निघताना ती सुनेलाही विचारते, दीदी, बरं आहे ना? आणि उत्तराची वाट न बघता लिफ्टकडे वळते. सून पुढच्या रविवारी पुन्हा जाते.