मेरिटच्या घरातलं भूत

बसा. चहा उकळेपर्यंत सांगून टाकतो. माझी जी शोभा झाली ती दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेली बरी. हसायचं असेल तर शेवटी हसा.

मी चौथी शिकलेला माणूस. पुण्यात कारखान्यात लेथ चालवली आणि मुलाला इंजिनिअर केलं. डोनेशन न देता. तो अविनाश आता इथे इंग्लंडात मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, सून मेधा हॉस्पिटलात डॉक्टर. मी त्यांच्याकडे राहतो. नात सानिका इथलीच जन्मलेली, तिच्या मराठीत सगळंच पुल्लिंगी. तिला इथल्या एका कॉलेजात एमबीए करायचं होतं, पण फी अशी की स्कॉलरशिप मिळाली तरच.

अविनाशने पुण्यात दुसरी सोय बघून ठेवली होती. एनआरआय कोटा. परीक्षा नाही, मुलाखत नाही. पैसे भरा, जागा घ्या.

"इथलं नाही जमलं तर पुणे," तो म्हणाला.

"मला नाही जायचा पुण्याला," सानिका म्हणाली.

"आपल्या घरात जागा विकत घेत नाहीत," मी म्हणालो. "पोरगी मेरिटवर जाईल, नाही तर घरी बसेल."

सानिकाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, अभिमानाने बघतेय.

नोव्हेंबर लागला. इथला नोव्हेंबर तुम्हाला माहीत आहे. चार वाजता अंधार, आणि धुकं उतरलं की समोरचं घरसुद्धा नाहीसं होतं. रस्त्यावर माणूस नाही. घरात दिवसभर मी आणि सानिका.

एका दुपारी वरून बोलणं ऐकू आलं. आवाज तिचा, पण तिचा नव्हे. जाड, सावकाश. मग हसणं. मग शांतता. मग पुन्हा तेच वाक्य, आणि त्याच जागी तेच हसणं.

वर गेलो. दार किलकिलं होतं. खोलीत अंधार, उजेड फक्त तिच्या तोंडावर. पोरगी टेबलाशी ताठ बसलेली. वर काळा कोट, खाली झोपायची विजार. लॅपटॉप उघडा, पण पडद्यावर दुसरं कोणी नाही. तिचाच चेहरा तिच्याकडे बघत होता. पापणी हलत नव्हती, आणि दोन्ही बुबुळांत एकेक पांढरं कडं.

तुम्हाला हसू येतंय. तुम्ही त्या जिन्यात उभे नव्हता.

ती खाली आल्यावर विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशीच नाही, आजोबा."

"मग समोर कोण असतं?"

"नोबडी. ते फक्त बघतं. दॅट्स द स्केअरी बिट."

एवढं म्हणून ती टोस्ट खायला लागली. मी पुढे विचारलं नाही. एक गोष्ट दोनदा विचारायची मला सवय नाही. सगळा घोटाळा त्या सवयीने केला.

संध्याकाळी अविनाशला म्हटलं, "पोरीचं काय चाललंय?"

"बाबा, शुक्रवारी तिच्या खोलीत अजिबात जाऊ नका. एकदाच संधी आहे. मधे कोणी गेलं तर संपलं सगळं."

म्हणजे बापालाही ठाऊक होतं. आणि दिवससुद्धा ठरला होता.

मी भुतंखेतं मानत नाही. पण माझी बायको मानायची, आणि ती माझ्यापेक्षा कमी चुकायची.

शुक्रवारी अविनाश आणि मेधा कामावर. बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं. वरून तो जाड आवाज सुरू झाला. मी तवा तापवला, त्यावर मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या टाकल्या आणि तसाच धुरासकट तवा घेऊन जिना चढलो.

खोलीत शिरलो आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायला लागला. सगळ्या घरातले भोंगे एकदम. मेलेलाही उठला असता. पण पोरीने मान वळवली नाही. मी तिच्यावरून तवा ओवाळतोय, तिच्या डोळ्यांतून धारा लागल्यात, आणि ती हसतमुखाने त्या पडद्याशी बोलतेच आहे.

आता माझी खात्री पटली. आमच्याकडे असं झालं की त्याला विचारतात, बाबा रे, तुला काय पाहिजे? कोंबडं, नारळ, मागेल ते कबूल करतात. पण हे इथलं. त्याला मराठी कुठून येणार? मी पडद्यासमोर गेलो आणि इंग्रजीत विचारलं.

"हाऊ मच यू वॉन्ट? मनी आय गिव्ह. टेक मनी, लीव्ह गर्ल."

उत्तर नाही.

"मोअर मनी आय गिव्ह."

टिंग असा आवाज झाला आणि पडदा काळा पडला. तेव्हा कुठे ती माझ्याकडे वळली.

"आजोबा, तुम्ही काय केला हे?"

ती कॉलेजची मुलाखत होती. इथे म्हणे समोर माणूस नसतो. प्रश्न पडद्यावर उमटतो, मुलाने कॅमेऱ्याकडे बघून उत्तर द्यायचं, आणि प्रोफेसर लोक ते नंतर बघतात. डोळ्यांतली कडी टेबलावरच्या गोल दिव्याची होती. इतके दिवस सराव चालला होता. मला विचाराल तर भूत बरं. ते निदान समोर येतं.

सानिका रडत होती, आणि मिरचीचा धूर केव्हाच निघून गेला होता. "आता पुणेच," एवढंच म्हणाली.

अविनाशने घरी आल्यावर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, मी पुण्यात एजंटला फोनवर हळूच विचारलं होतं. तुम्ही थेट कॉलेजला भाव विचारलात. रेकॉर्डिंग चालू असताना."

मी तवा घासायला घेतला.

सानिकाने कॉलेजला जे घडलं ते जसंच्या तसं लिहून कळवलं. भोंगा वाजला म्हणून त्यांनी पुन्हा संधी दिली. खाली लिहिलं होतं, त्या गृहस्थांना कृपया सांगावं, आमच्याकडे जागा विकत मिळत नाहीत. मला. दुसऱ्या मुलाखतीच्या वेळी अविनाशने मला गाडीत घातलं आणि तिचा फोन येईपर्यंत गावातल्या सगळ्या राउंडअबाउटना, म्हणजे चौकातल्या गोल बेटांना, प्रदक्षिणा घालायला लावल्या.

पोरीला स्कॉलरशिप मिळाली. स्वतःच्या मेरिटवर.

कॉलेजने घरच्यांना बघायला बोलावलं तेव्हा मी मागेच उभा होतो. एक पांढऱ्या केसांच्या प्रोफेसर बाई चालता चालता माझ्यापाशी थांबल्या. निरखून बघितलं, माझा हात हातात घेतला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" मी सानिकाला विचारलं.

तिने ओठ दाबून धरले होते.

"त्या विचारतात, तुमची ती ऑफर अजून आहे का? कॉलेजचा छप्पर गळतो."