कुंदाताईचं विरजण

प्रिंटर थांबतच नव्हता, आणि तो बंद कसा कराचा तेही मले सुचत नव्हतं. पत्त्याच्या चिठ्ठ्या एकीखाली एक बाहेर येऊन राहिल्या होत्या आणि सगळ्यांवर गाव एकच, काटोल. कुहीचा माणूस काटोलले, कोंढाळीचा काटोलले, कळमेश्वर, कामठी, सगळे काटोलले. बियाण्याच्या कंपनीचे कार्ड होते ते, पेरणीच्या आधी शेतकऱ्यायच्या घरी पोचाचे, आणि साहेब संध्याकाळी गठ्ठा घ्याले येणार होते. घरी माहा लेक तापानं फणफणून राहिला होता, म्हणून तर मी घाई केली. आणि घाईत, जिले जन्मात हात लावाचा नाही असं ठरवलं होतं, ती कुंदाताईची फ्लॉपी लावली. आता ही खुर्ची गेली, एवढंच डोक्यात. माह्या मागून शेंगदाणे चावाचा आवाज आला तेव्हा मले रडू फुटलं, कारण तो आवाज कोणाचा ते सगळ्या ऑफिसले माहीत होतं.

कुंदाताई शेंगदाणे खात येई आणि खात जाई. पर्समध्ये पावडर-कंगवा नाही, कच्चे शेंगदाणे. मनगटावर बाप्या माणसाचं घड्याळ, त्याचा पट्टा सैल, हात हलवला की ते कोपरापर्यंत घसरे. लग्न केलं नव्हतं, एम.एस्सी. होती, आणि हे दोन्ही तिले कोणी विचारलं तर ती लाजत नव्हती. रामदासपेठेत एका दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. तिथं ती प्रोग्राम लिहाच्या कामावर पहिल्या दिवशी आली आणि मशीन पाहाच्या आधी आमचे हात पाहाले लागली. आम्ही टाइप करून राहिलो की मागं उभी राहे आणि स्क्रीनकडे नाही, बोटांकडे पाहे. मले वाटे कोणी माह्या ताटाकडे पाहून राहिलं.

माह्यापाशी बोटंच होती ना. मी दहावी नापास, पण टायपिंगच्या परीक्षेत पहिली आली होती. आमचं काम म्हणजे लोकायचे नावं भराचे, शेतकऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, सगळं इंग्रजी अक्षरात, दिवसभर तेच. साहेब पाहुण्याले आणत आणि माह्यामागं उभे करत. म्हणत, "पाहा, हिचे हात पाहा." सासूबाईनं लेकराले सांभाळाचं कबूल केलं तेही याच्यावरच, की सून हुशार आहे, तिच्याशिवाय ऑफिस चालत नाही. बाजूच्या मशीनवर रेखा बसे. ती एकेक अक्षर असं शोधे जसे तांदळातले खडे. ती तशी होती म्हणून मी अशी होती, हे मले तेव्हाच समजत होतं.

मंग एके दिवशी कुंदाताई रेखाच्या मागं उभी राहिली. रेखा भिवापूर लिहून राहिली होती, एका ओळीत, दुसऱ्या ओळीत, पानभर.

"किती खेपा लिहिशील वं पोरी?" कुंदाताई म्हणे. "मिरची तिथं पिकते, बोटं तुह्ये जळून राहिले."

"गावच भिवापूर आहे तर काय करू ताई?"

"दोनदा लिहिलं ते शिकणं. तिसऱ्यांदा लिहिलं ते हमाली."

दुसऱ्या दिवशी तिनं एक छोटा प्रोग्राम करून आणला. नुसतं बी दाबलं की भिवापूर आपोआप पूर्ण उमटे, तालुक्यासकट. एन दाबलं की नरखेड. रेखा तोंडावर हात ठेवून हसत सुटली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा गठ्ठा माह्या गठ्ठ्याच्या बरोबर आला आणि मी डबा उघडला तर मले भाजीची चव लागेना. साहेबायनं त्या दिवशी पाहुणे रेखाच्या मागं उभे केले.

मी ते वापरलं नाही. "मले गरज नाही," म्हटलं. कुंदाताई म्हणे, "तुले नाहीच वं गरज," आणि ते तिनं खरंच म्हटलं की टोमणा मारला, हे मी घरी जाऊन रात्रभर उकलत बसली.

आणि ती ते सगळ्यायले वाटत सुटली. बाजारातून आणलेले प्रोग्राम कुलूपबंद असत, आत काय आहे ते दिसत नसे. तिचा उघडा होता, कोणीही आत पाहावं, बदलावं. दवाखान्याच्या हिशेबनिसाले दिला, समोरच्या ऑफिसातल्या पोरांले दिला. साहेब चिडले.

"मॅडम, आपलं हत्यार शेजाऱ्याले काहून देऊन राहिल्या तुम्ही?"

"हत्यार नाही साहेब, विरजण आहे. विरजणाले कोणी नाही म्हणते का?"

"अन् आपल्याले त्याचं काय?"

"वाटीभर दिलं म्हणून आपलं दही कमी होत नाही. आपलं नासलं, तर त्याच्याच घरून आणता येते." मंग आमच्याकडे वळून म्हणे, "फक्त एक आहे. कोणाचं दही माह्यापेक्षा चांगलं लागलं, तर त्यानं वाटी भरून परत आणाची. हे विसराचं नाही."

असं बोले आणि लोक ऐकत. मी बोलली असती तर सासूबाई म्हणाल्या असत्या, जास्त झालं. एकदा लेकराले ऑफिसात आणावं लागलं होतं, तर तो माह्या मांडीवरून तिच्या घड्याळाकडे झेपावला आणि तिच्या कडेवर जाऊन चूप बसला. माह्याजवळ सकाळपासून रडून राहिला होता.

तर त्या काटोलच्या चिठ्ठ्यांच्या दिवशी ती अशी माह्या मागं उभी होती आणि प्रिंटर चालू होता. तिनं हात लांब करून एक बटण दाबलं आणि सगळं शांत झालं. चिठ्ठ्यांची लांब पट्टी उचलून पाहिली.

"सगळ्यांले के दाबला?"

"हो."

"काहून वं?"

"मले वाटलं मशीनले समजते," मी म्हटलं. "आपल्याले आडनावावरून समजतेच ना, हा कुहीचा, हा कळमेश्वरचा. कागदावरही नुसतं 'क' लिहून देतात तरी आपण बरोबर गाव भरतो."

मले वाटलं ती हसणार. ती खुर्ची ओढून बसली.

"आपल्याले नाही समजत. तुले समजते," ती म्हणे. "माह्या लक्षातच नाही आलं, आपल्या जिल्ह्यात के वर इतके गावं आहेत. तू काही बिघडवलं नाही सुमन, तू बिघाड शोधला. आता सांग, एवढ्यातून एक गाव कसं ओळखाचं?"

माह्यं माहेर कोंढाळीचं. लहानपणापासून एस.टी. स्टँडवर बसली आहे. कंडक्टर घाईत ओरडते तेव्हा पूर्ण नाव कोण घेते? पहिला आवाज आणि मधला आवाज, तेवढ्यावर म्हाताऱ्या बाया बरोबर गाडीत चढतात. मी भीत भीत तेच म्हटलं. काटोलले के आणि टी, कुहीले के आणि एच, कोंढाळीले डी, कळमेश्वरले एल, कामठीले एम.

तिनं घड्याळ वर सरकवलं आणि दोन बोटांनी टुकटुक करत तिथंच ते बसवलं. आणि सगळ्यात वर एक ओळ टाकली, जी फक्त वाचासाठी असते, मशीन तिले सोडून देते. त्यात इंग्रजीत लिहिलं, के चा घोळ सुमननं सुधारला.

"हे काहून?"

"भांड्यावर नाव घालतात ना, तसं. वाटी फिरली तरी कोणाची ते कळते. नुसतं 'क' आहे तिथं कागदावर गाव लिहून दे अन् जा आता घरी, लेकरू वाट पाहून राहिलं असन. के वाले सगळे मी भरते."

मी गेली. रात्रभर लेकराच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. पहाटे ताप उतरला. कुंदाताई त्या संध्याकाळी साहेब येईपर्यंत बसली, गठ्ठा दिला, चुकीत माह्यं नाव घेतलं नाही. मी तिच्या पाया पडाले पायजे होतं. पण माह्या मनात एकच, की आता रेखालेही केटी, केडी समजणार. माह्याजवळ बोटांशिवाय एक गोष्ट निघाली होती, तर तीही हिनं माह्यं नाव घालून गावभर वाटली.

साहेबायनं शेवटी सांगितलं, प्रोग्रामले कुलूप लावा, बाहेर जाऊ देऊ नका. ती म्हणे, कुलूप लावाचं असेल तर दुसऱ्याले लावाले सांगा. आणि पुण्याले निघाली. ज्या बाईले मी कधी हळदीकुंकवाले जाताना पाहिलं नाही, तिनं शेवटच्या दिवशी आम्हाले एकेक फ्लॉपी दिली, संक्रांतीच्या वाणासारखी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. मले म्हणे, "तुह्या हातावर मी लय जळली वं."

"तुम्ही?"

"मंग? मले दोनच बोटांनी येते. तुह्ये दहा चालताना पाहून जीव जळे. म्हणून तर हे सगळं केलं. तुह्यासारखं लिहिता आलं असतं तर मी कशाले डोकं चालवलं असतं?"

तेव्हापासून ती ऑफिसात नाही, पण मले शेंगदाण्याचा आवाज आला की पाठ ताठ होते.

आता पुढचं सांगते. ऑफिसातलं काम घटलं. साहेबायनं सांगितलं, यापुढं एकच मशीन चालणार, उद्या रेखा अन् सुमन, दोघींचं काम पाहीन आणि एकीले ठेवीन. लेकराच्या बाबायनं अजून पक्की नोकरी धरली नाही, घर माह्या खुर्चीवर आहे. आणि माह्या फ्लॉपीत एक नवी गोष्ट आहे, मी स्वतः आत पाहून पाहून केलेली. एका घरचे भाऊ एकाखाली एक येतात, बाप तोच, गाव तेच. एक बटण दाबलं की वरची ओळ पूर्ण खाली उतरते, नुसतं पहिलं नाव बदलाचं. हे कुंदाताईले सुचलं नव्हतं. हे कोणाजवळ नाही.

आज संध्याकाळी रेखा घरी आली. तिचे बाबा अंथरुणाले खिळले आहेत, घरात कमावणारी तीच. उंबऱ्यातच उभी राहिली.

"ताई, तुम्ही काही नवीन केलं म्हणतात. देता का? कुंदाताई म्हणे ना, विरजणाले नाही म्हणाचं नसते."

सासूबाईनं नुकताच देवाजवळ दिवा लावला होता. आमच्याकडे दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, सकाळी ये म्हणतात, आणि कोणी वाईट मानत नाही. तेवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. सकाळी घेऊन तिले शिकाले वेळ उरला नसता, एवढंच.

लेकरू माह्या मांडीवर होतं. फ्लॉपी मागच्या फळीवर, त्याच वाणाच्या पिशवीत. तिच्या वरच्या ओळीत माह्यं नाव आहे, ते मी घातलं नाही. रेखा उभी होती, दिवा लागलेला होता, आणि मी उठून फळीकडे पाहत होती. तुम्ही काय केलं असतं?