कुत्र्यानं नेलेला नंबर

"साहेब, माहा नंबर कुत्र्यानं नेला."

माझ्या टेबलासमोर चरोद्याचे एक निवृत्त रेल्वे गार्ड उभे होते. एका पायाला प्लास्टर, दुसऱ्या पायात चप्पल. मी भिलाईतल्या एका सरकारी रुग्णालयात मॅनेजर आहे. डॉक्टर नाही, खाटा, रांगा आणि तक्रारी हे माझं काम. मी तक्रार लिहून घेतली. कुत्र्याचं वर्णनही विचारलं.

आमच्या ऑर्थो ओपीडीत, म्हणजे हाडांच्या बाह्यरुग्ण विभागात, माणसं रांगेत उभी राहत नसत. चपला राहत. पाय मोडलेल्याला उभं राहणं जमत नाही, आणि प्लास्टरच्या पायाची चप्पल तशीही रिकामीच असते. ती दाराशी ठेवायची आणि कडुलिंबाखाली जाऊन बसायचं. हात मोडलेले लोक घरून एखादी जुनी चप्पल आणत. पुढे पुढे चरोद्याचा एक जावई पहिल्या लोकलनं अख्ख्या गल्लीच्या चपला पिशवीत भरून आणू लागला. पेशंट मागाहून सावकाश जेवून येत. डॉक्टर हाक मारत, तेव्हा दाराशी नुसती चप्पल.

सुपरिंटेंडेंट साहेबांनी मला बोलावलं. "देशकर जी, मरीज़ डॉक्टर की राह देख रहे हैं, डॉक्टर मरीज़ की. इलाज किसका हो रहा है?"

"चप्पल का, सर."

ते हसले नाहीत. "वेटिंग टाइम कम कीजिए."

मी टोकन सुरू केलं. जो स्वतः हजर, त्यालाच नंबर. चपला बंद. दारावरच्या दुबेला बजावलं, ओळख चालणार नाही, वशिला चालणार नाही. ओपीडी भराभर संपू लागली. कुत्रा बेकार झाला. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं आणि मी ते घरी दोनदा सांगितलं.

मग आईच आली. स्मृति नगरच्या घरी ती बाथरूममध्ये घसरली होती. फरशी ओली मीच ठेवली होती. मनगटाला आदल्या दिवशी प्लास्टर घातलं होतं. शेजारणीबरोबर ऑटोनं आली, टोकन घेतलं आणि शेवटच्या बाकावर बसली.

"कावून रे, तू इथला साहेब, अन् मले बाकावर बसवून राहिला?"

"आई, नियम आहे. मीच केलाय."

"मंग तूच मोड ना."

"बाकीच्यांना काय सांगू?"

"सांग, माय आहे म्हणून."

मी नाही म्हणालो. दुखतंय का, एवढं विचारलं.

"दुखते म्हणून तं आली. तुही खुर्ची पाहाले आली का?"

हात तिनं पदराखाली घेतला होता. मी पदर बाजूला केला नाही. लोक पाहत होते, आणि लोकांनी पाहावं असंच मला वाटत होतं.

शेजारी पाय प्लास्टरमध्ये घातलेली दुर्गची एक बाई बसली होती. तिनं पदर उचलला. "अगा साहेब, दाई के अंगरी ला देख! नीला पर गे हे!"

आईची बोटं सुजून निळी पडली होती. नव्या प्लास्टरच्या आत सूज वाढली, की ते हाताला आवळतं आणि रक्त अडतं. प्लास्टर ताबडतोब चिरावं लागतं, नाहीतर हात कायमचा अधू होऊ शकतो. मला हे माहीत होतं. तसा बोर्ड मीच भिंतीवर लावला होता. आई त्याच्याच खाली बसली होती.

मी दाराकडे धावलो. दुबेनं हात आडवा केला. "सर, घर का आदमी भी नहीं. आपका ऑर्डर है."

"अरे, मैं ही बोल रहा हूँ!"

"आप ही बोले थे, सर, कि मैं खुद बोलूँ तो भी नहीं."

आम्ही वाद घालत होतो, तोवर त्या बाईनं आईच्या पायातली एक चप्पल काढली आणि कुबडीनं सरकवत सरकवत थेट दाराशी नेली. बाकांवरचे सगळे सवयीनं एकेक जागा मागे सरकले. दुबेनं खाली पाहिलं, तोही सवयीनं ओरडला, "चलो, किसकी है?" आणि दार उघडलं.

डॉक्टरांनी प्लास्टर चिरलं. हळूहळू बोटांना रंग आला. आईनं त्यातलं एक हलवून दाखवलं, माझ्याकडे रोखून.

बाहेर चरोद्याचे ते रेल्वेचे गार्डकाका होते. पुन्हा दाखवायला आले होते. म्हणाले, "ज्याले जास्त तरास, त्याची चप्पल आमी समोर सरकवत होतो, साहेब. तुमचं टोकन खिशात राह्यते. ते कोन सरकवन?"

टोकन अजून आहे. पण जो थांबूच शकत नाही, त्याच्यासाठी दाराशी एक लाल चप्पल ठेवायचं ठरलं. बाकांवरचे लोक ती ज्याच्यापुढे सरकवतील, तो आधी आत. स्टोअरनं कळवलं, एक चप्पल खरेदी करता येत नाही, जोड घ्यावा लागेल. घेतला. दुसरी माझ्या कपाटात असते.

ऑडिटवाल्यांनी विचारलं, "ये किसके लिए?"

"मेरे लिए," मी म्हणालो.

कपाट कुठलं, ते आईला माहीत आहे.